आठ आठवड्यांची सुपारी

सुनंदा, तू गेलीस ते गेलीस, पण जाताना तुझी सुपारी माझ्या गळ्यात टाकून गेलीस. मला आधी राग आला आणि रडू नंतर आलं. तुझ्यापासून काय लपवायचं! परीक्षेचे पेपर गोळा करून घरी गेलीस, दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरमालकिणीचा फोन आला, आणि संध्याकाळच्या आत तुझा भाऊ तुला लातूरला घेऊनही गेला. धड भांडायलासुद्धा सवड ठेवली नाहीस. शोकसभेत प्राचार्य तुझ्या समित्यांची नावं वाचत होते आणि मागच्या बाकावर बसून माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, आता अश्विनीचं काय होणार.

अश्विनीची निवड झाल्याचं कळलं तो दिवस आठवतो? तुझ्या प्राणिशास्त्राची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, आई-बाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, आणि तिला पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेनं उन्हाळी संशोधनासाठी बोलावलं. आठ आठवडे तिथल्या प्रयोगशाळेत काम, राहायला होस्टेल, विषय फळमाश्यांची झोप. तू व्हरांड्यातून पळत माझ्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये आलीस, एप्रनची बाही तुझ्या माश्यांच्या खिरीनं बरबटलेली. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून तू सलाईनच्या बाटल्यांमध्ये ज्या माश्या पोसायचीस, त्यांच्या वासानं आमची भूक मरायची. मी म्हटलं, "आधी हात धू." तू तशाच हातांनी माझे गाल धरलेस.

आणि लगेच म्हणालीस, "चल, सुपारी घ्यायची."

तुझ्या त्या सुपारीवरून आपण काय काय भांडलो! दोन मास्तरणी स्टाफरूममध्ये सुपारीवरून अबोला धरतात, हे बाहेर कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण भांडण खोटं नव्हतं. हिवाळ्यात तू या उन्हाळी प्रयोगशाळांच्या जाहिराती फळ्यावर लावायचीस, पोरांना कॉम्प्युटरपाशी बसवायचीस, "मला हे काम का करायचंय" हा एक परिच्छेद पाच-पाच वेळा लिहून घ्यायचीस. मार्च-एप्रिलात एखाद्याची निवड व्हायची. मुलगा असला तर बॅग भरून निघायचा. मुलीचं गाडं मात्र घरी अडायचं. कारण उन्हाळा म्हणजे आपल्याकडं लगीनसराई. फडावरून माणसं परततात, कुलपं निघतात, भावकी एका जागी येते, आणि सोयरिकीचे सगळे विषय त्याच दिवसांत उरकायचे असतात. प्रयोगशाळाही नेमक्या तेव्हाच बोलावणार.

म्हणून तू मागणी घालायला जायचीस. अगदी रीतसर. पेढे न्यायचे, सुपारी न्यायची, सतरंजीवर बसायचं, भावकीला बोलवायला लावायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "पोरगी मागायला आलेय. आठ हप्त्यांसाठी. जशी नेते तशी आणून घालते." मग बापानं सुपारी फोडायची आणि तुकडे सगळ्यांनी तोंडात टाकायचे. लग्न ठरवताना फोडतात तश्शी. सुपारी फुटली की शब्द मोडायचा नाही. मोडला तर भावकीत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

मला ते बघवायचं नाही. "ज्या चालीतून पोरींना सोडवायचं, त्याच चालीची सुपारी तू फोडतेस," हे मी तुला कितीदा म्हटलं असेल. "मागणी काय घालतेस? पोरगी काय गाय आहे? ती सज्ञान आहे, तिला जायचंय, विषय संपला." आणि मला ती हातातही घ्यायची नव्हती. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा सुपारी, नारळ, कुंकू सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते आमच्या घरात पुन्हा आलं नाही. तू ऐकून घ्यायचीस आणि तुझ्या त्या चिडवायच्या सुरात म्हणायचीस, "बाई गं, तुझं समदं खरं हाय. पण विषय कुठं संपतो ते मला ठावं हाय. दाराच्या आतल्या अंगाला." मी स्कूटीवरून तुला न्यायचे आणि दारातच थांबायचे. तेवढा माझा निषेध.

अश्विनीच्या घरीही मी दारातच होते. तिचे वडील, भगवानराव, हसू दाबत म्हणाले, "माशीची झोप मोजायला पोरगी धाडायची का मॅडम?"

तू म्हणालीस, "तिला झोपू देत नाहीत आणि बघतात, शिकवलेलं विसरते का."

"त्याला माशी कशाला लागतीया? मला बघा की. फडात गेलतो तवा पहाटं तीनला कोयता हातात. घरच्या म्हशीचं नाव इसरलो व्हतो." सगळी वस्ती हसली. तूही हसलीस आणि म्हणालीस, "तेच. तुमचं काय होतं, ते माशीत सापडतंय का हेच बघायचंय." भगवानराव एकदम हसायचे थांबले. मग त्यांनी अडकित्ता मागवला.

ते दार, तो अडकित्ता, तुझा पदर सावरून बसणं, सगळं मला लख्ख आठवतंय. त्यानंतर महिन्याच्या आत तू नव्हतीस.

शोकसभेनंतर मी तुझ्या लॅबमध्ये गेले. अश्विनी एकटी बसून माश्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत सोडत होती. तू नसताना हे काम कुणी तिला सांगितलं नव्हतं. बाटलीचं तोंड कापसानं बंद केल्यावर ती म्हणाली, "मॅडम, अण्णा म्हनतेत सुपारी आननारीच गेली, आता कुठला बोल ऱ्हायला."

अण्णा म्हणजे तिचा थोरला चुलता, घरातला कर्ता.

"आणि?"

"रविवारी गेवराईकडचे पाहुने येनारेत. मला बघायला."

"तुझं निघायचं कधी?"

"शनिवारी."

"वडील काय म्हणतात?"

"दादा गप हायेत." मग खाली बघत ती म्हणाली, "मॅडम, मला जायचंय. लई जायचंय. पन दादा गप हायेत म्हनल्यावर मला भ्या वाटाया लागलंय."

हे ऐकून मला तुझा इतका राग आला, सुनंदा! एवढा पक्का शब्द म्हणायचीस ना? फुटलेली सुपारी कुणाला मोडता येत नाही म्हणायचीस ना? माणूस मेलं की सुपारी मरते, हे तुझ्या हुशारीत बसलं नव्हतं का? मी आधीपासून सांगत होते, पोरींना त्यांच्या हक्काच्या पायावर उभं कर. त्या तुझ्या शब्दाच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि तू निघून गेलीस. तुझ्या माश्यांच्या बाटल्यांपुढं उभी राहून मी मनातल्या मनात तुला वाट्टेल ते बोलले. मग अश्विनीला म्हटलं, "उद्या दुपारी घरी येते. चहा टाकून ठेव."

शुक्रवारी मी एकटी गेले. स्कूटीची मागची सीट रिकामी, आणि वाटभर मी भाषण घोकत होते. मुलीचा अधिकार, कायदा, शिक्षण, गेलेली संधी. वस्तीवर पोचले तेव्हा अण्णा लिंबाखाली बाजेवर बसले होते आणि भगवानराव खाली बसून दोरी वळत होते. या वेळी मी दारात थांबले नाही, थेट आत गेले.

"या मॅडम," अण्णा म्हणाले. "वाईट झालं बघा सुनंदा मॅडमचं. लई गुनाची बाई. पन आता ते तिथंच संपलं."

"संपलं कसं? उद्या तिला निघायचंय."

"कावून घाई करताव? मागनी घालनारं मानूसच गेलं तर सोयरे काय म्हनतेत? थांबा म्हनतेत. आमी बी मोडलं न्हाई, नुसतं थांबा म्हनतोय. पुढच्या साली जाईल की."

"पुढच्या साली तिचं लग्न झालेलं असेल, अण्णा."

"मग नवरा धाडील," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी घोकलेलं सगळं बोलून टाकलं. जागा राखून ठेवत नाहीत, तिच्या जागी दुसरा कुणी जाईल. ती सज्ञान आहे, तिचा निर्णय तिचा आहे. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून घेणारा माणूस किती चिवट असतो, हे मला त्या दिवशी कळलं. भगवानरावांची दोरी तेवढी वळत होती, वर बघायचं नाव नाही. अश्विनी चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "अण्णा, मी काय पळून चालले का? कामाला चालले. तुमी न्हाई का जात फडाला?"

"तू आत जा," अण्णा म्हणाले.

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या आईनं आतून हाक मारली तरी हलली नाही.

मग अण्णांनी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "मॅडम, तुमी शिकलेल्या. मी अडानी मानूस, माझं येवढंच इचारनं हाय. सुपारी त्यांनी आनलती. जशी नेते तशी आनून घालते, हा बोल त्यांनी दिलता. आता आनून घालनार कोन? ती पुन्याची संस्था? आजारी पडली, कुनी काय बोललं, तर आमी कुनाच्या दारात जायचं? वरपक्षाचं मानूस कोन हाय, ते सांगा."

माझ्या भाषणात याला उत्तर नव्हतं. तुझ्या चालीत होतं.

"मी," मी म्हटलं. "वरपक्षाचं माणूस मी."

अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. गळ्याकडं, कपाळाकडं. "तुमच्यात तर सुपारी न्हाई ना, मॅडम?"

त्या प्रश्नात काय काय होतं, ते तुला सांगायला नको. उठून निघावं असं वाटलं, आणि तू असतीस तर माझ्या वतीनं काहीतरी चुरचुरीत बोलून वेळ मारून नेली असतीस, हेही वाटलं. पण तू नव्हतीस.

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात नुसता शब्द असतो."

दोरी वळायची थांबली होती, हे माझ्या लक्षात आलं. भगवानरावांनी ती बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अण्णा, रेखाच्या टायमाला काय झालतं, तुला म्हाईत हाय का?"

रेखा तुला आठवते, मला तर आठवतेच. दोन वर्षांपूर्वी तू हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवलेली मुलगी, भगवानरावांच्या मेव्हणीची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला रडत फोन केला होता. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिचं इंग्रजी ऐकून पोरं एकमेकांकडं बघायची, ती डबा खोलीवर आणून एकटीच खायची. मी तुझ्याकडं आले आणि म्हटलं, तिला परत बोलाव. तू म्हणालीस, शब्द दिलाय. त्यावरून मी तुला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दगड म्हटलं. तू काही न बोलता रजा टाकलीस आणि लातूरला भावाकडं गेलीस. रेखा पुढं आठही आठवडे राहिली, हसत परत आली, आज ती एम.एस्सी. करतेय. ती कशी टिकली हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

"सुनंदा मॅडम कालेजात लातूर सांगून निघाल्या, पन लातूरला गेल्या नव्हत्या," भगवानराव म्हणाले. "त्या हैदराबादेला गेल्या. रेखाच सांगती. रोज दुपारी तिथल्या क्यांटीनमधी जाऊन बसायच्या. पोरगी एकटी जेवाया नगं म्हनून. दोन दिस दोघीच जेवल्या. मग एक पोरगी येऊन बसली, मग आनखी दोघं. टेबल भरलं तशा बाई उठल्या आन गाडीत बसल्या. आन आल्यावर रेखाच्या बापाकडं गेल्या. म्हनल्या, तुमची पोरगी चार दिस एकटी जेवली, माझ्या बोलात कमी पडलं, माफ करा." ते अण्णांकडं वळले. "मी त्या घरात बसलो व्हतो तवा. म्हनून सुपारी फोडली मी. माशीसाठी न्हाई फोडली."

अण्णांनी चहाचा कप बाजूला सारला. भगवानराव पुढं म्हणाले,

"एका पोरीच्या दोन सुपाऱ्या फुटत न्हाईत. पयली पुरी व्हऊ दे. पाहुन्यांना फोन लाव, म्हनावं पोरगी परगावी हाय. थांबले तर थांबले."

"आन न्हाई थांबले तर?"

"तर ते आपले नव्हते."

अण्णा उठले. "तुझी पोरगी, तू जान," एवढंच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून गेले. अश्विनी अजून चौकटीला टेकूनच होती. तिच्या वडिलांनी दोरी पुन्हा हातात घेतली आणि तिला म्हणाले, "बॅग भरली का न्हाई?"

घरी येताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली आणि तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मला का नाही सांगितलंस? दगड म्हटलं तेव्हा तोंड का नाही उघडलंस? मी तुझी कोण होते? रेखाच्या बापाची माफी मागायला तुला वेळ होता, त्या वस्तीवरल्या माणसांना ठाऊक होतं, आणि रोज तुझ्या डब्यातली चटणी खाणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. हा राग जाईल असं मला वाटत नाही. जावा असंही वाटत नाही. तो आहे तोवर तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

एक मात्र कळलं. मला इतकी वर्षं वाटायचं, ती सुपारी बापाला बांधायला आहे. ती तुला बांधत होती. बाप फक्त हो म्हणून मोकळा व्हायचा. आठ आठवडे जिवाला घोर तुझ्या. दर जूनमध्ये तू वाळायचीस आणि आम्ही उन्हाला बोल लावायचो.

शनिवारी सकाळी मांजरसुंब्याच्या फाट्यावर पुण्याची गाडी पकडायला आम्ही उभे होतो. आईनं अश्विनीची ओटी भरली. चहाच्या टपरीवरची माणसं बघत राहिली, बॅकपॅक लावलेल्या पोरीची ही कसली पाठवणी. अश्विनी लाजून हसत होती. वडिलांनी तिची बॅग वर टाकली आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं, पोरगी एकटी हाय. गाडी हलली तशी आई माझ्याकडं वळली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमच्या पदरात घातली बघा, मॅडम." मी पंजाबी ड्रेसवर होते, पदर कुठला. तुला हे वाक्य किती आयांनी ऐकवलं असेल गं? ऐकून तू घरी कशी जायचीस, भाजी कशी फोडणीला टाकायचीस?

आपलं भांडण संपलं असं समजू नकोस. मला अजूनही ती सुपारी आवडत नाही. पोरीनं मागणीशिवाय, ओटीशिवाय, नुसतं "जाते" म्हणून उंबरा ओलांडावा, हेच मला हवंय. आणि आपल्याच कॉलेजात उन्हाळी प्रयोगशाळा चालवायची, बालाघाटाच्या डोंगरातल्या गवतांवर काम करायचं, हे माझं जुनं टुमणं मी सोडलेलं नाही. तू म्हणायचीस, "आधी मायक्रोस्कोपचा आरसा तरी बसव." बसवते. पण तोवर पोरींनी काय करायचं, याचं उत्तर तुझ्याकडं होतं आणि माझ्याकडं नव्हतं, एवढं मान्य करते. तू असतीस तर हे वाक्य चार वेळा म्हणून घेतलं असतंस.

तुझ्या माश्या मी बघतेय. खीर दोनदा करपली. सुटलेल्या माश्या आता वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्येही झाल्यात.

परवा अश्विनीचा फोन आला. आवाज बरा होता. "काम जमतंय मॅडम. माश्या ओळखीच्याच हायेत. समदे इंग्रजीत लई झपाझप बोलतेत, पन कामाचं तेवढं कळतंय."

"जेवतेस कुठं?"

ती जरा थांबली. "रूमवर. बिस्किटं हायेत ना मॅडम. क्यांटीनमधी लई गर्दी असती."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आज प्राचार्यांकडं रजेचा अर्ज दिला. ते म्हणाले, "ऐन प्रवेशाच्या कामात कुठं निघालात, मॅडम?" मी म्हटलं, "भावाकडं." तुला लातूरला भाऊ तरी होता. मला भाऊ नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्यांनी मान वर केली नाही, सही केली आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

उद्या पहिल्या गाडीनं निघते, सुनंदा. दुपारच्या जेवणाला पोचायचंय.